वैयक्तिक शैक्षणिक आराखडा ठरवताना विद्यार्थ्यालाच वगळता का? या चुका टाळा

बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्याचा वैयक्तिक शैक्षणिक आराखडा, म्हणजे त्याने वर्षभरात काय आणि कसे शिकायचे याची लेखी योजना, अनेक शाळांत असा तयार होतो की, विशेष शिक्षिका मूल्यमापन करतात, पालक सही करतात आणि ज्याच्या वर्षभराचा प्रश्न असतो तो शेजारच्या वर्गात बसलेला असतो. भारताने २००७ मध्ये मान्यता दिलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क कराराच्या सातव्या कलमानुसार दिव्यांग मुलांना स्वतःशी संबंधित बाबींत मत मांडण्याचा आणि त्यासाठी वयाला व दिव्यांगत्वाला साजेशी मदत मिळण्याचा हक्क आहे. यातला मदतीचा भाग सहसा राहून जातो.

काही शाळा मुलाला थेट आराखडा ठरवण्याच्या बैठकीतच बोलावतात. पाच मोठ्या माणसांसमोर ‘तुला काय शिकायचं आहे?’ असे विचारल्यावर तो आईकडे पाहतो आणि ‘त्याला समजत नाही’ अशी नोंद होते. हे विचारणे आधीच्या आठवड्यात, ओळखीच्या वर्गात, त्याच्याच रोजच्या कामांचे फोटो दोन-दोन समोर ठेवून व्हायला हवे. विचारल्यानंतर मनात दहा अंक मोजावेत आणि तोवर कोणीही, विशेषतः आईने, त्याच्या वतीने उत्तर देऊ नये.

उत्तर मिळाले तरी ते पडताळावे लागते. ‘बागकाम आवडतं ना?’ या प्रश्नाला पुष्कळ मुले होच म्हणतात. ‘चित्रकला की बागकाम?’ असे विचारले तर कानावर शेवटी पडलेला शब्द परत येतो. म्हणून दुसऱ्या दिवशी क्रम उलटा करून विचारावे आणि फोटोंची डावी-उजवी जागा बदलावी. उत्तर तेच राहिले तर ती आवड, क्रमाबरोबर बदलले तर निव्वळ सवय. न बोलणाऱ्या मुलाच्या बाबतीत तो कोणत्या कामावरून उठून जातो आणि कोणते साहित्य स्वतःहून ओढून घेतो, याची नोंद ठेवावी. ज्याने बेकरीचे काम कधी पाहिलेलेच नाही, त्याला बेकरी हवी का हे विचारण्यात मात्र अर्थ नाही. आधी काही दिवस ते काम करून पाहू द्यावे.

सर्वांत खेदाची चूक म्हणजे इच्छेला हसणे. सोळा वर्षांचा मुलगा ‘मला रिक्षा चालवायची आहे’ म्हणाला, तर विषय बदलण्याऐवजी त्याला त्यात नेमके काय आवडते ते शोधावे. गाडी धुणे असेल, सुटे पैसे मोजणे असेल किंवा थांब्यांची नावे ओळखणे असेल. यातले प्रत्येक आराखड्यातले रास्त उद्दिष्ट होऊ शकते, आणि पाठ्यपुस्तकातल्या बेरजांपेक्षा तो ते अधिक मनापासून शिकेल.

बैठकीनंतर आराखडा फाइलमध्ये बंद करू नये. त्याचे फोटोंचे एक पान मुलाच्या वहीत लावावे आणि त्याने मागितलेली किमान एक गोष्ट त्याच आठवड्याच्या वेळापत्रकात दिसावी. जे देता येणार नाही, त्याचे कारण त्याला सोप्या शब्दांत सांगावे. तिमाही आढाव्यात त्याचे मत बदललेले आढळले, तर ते चंचलपणा म्हणून न नोंदवता आराखडाच बदलावा.