रिपीटरचा डुप्लेक्सर ट्यून करताना या चुका टाळा

रिपीटरचा (आलेला सिग्नल लगेच जास्त ताकदीने पुन्हा प्रसारित करणाऱ्या रेडिओ केंद्राचा) कॅरियर, म्हणजे मूळ रेडिओ लहर, दूरपर्यंत दणदणीत ऐकू येतो, पण हँडसेटवरून बोलणाऱ्याचा आवाज तुटतो. अशी तक्रार आली की आधी डुप्लेक्सरवर, म्हणजे एकाच अँटेनावर ट्रान्समीटर आणि रिसीव्हर एकाच वेळी चालू देणाऱ्या फिल्टरवर, संशय घ्या. हौशी रेडिओच्या २ मीटर बँडवर (सुमारे १४५ मेगाहर्ट्झ) इनपुट आणि आउटपुटमध्ये फक्त ६०० किलोहर्ट्झचं अंतर असतं. ५० वॅट, म्हणजे +४७ डीबीएम (१ मिलीवॅटच्या तुलनेतली पातळी), बाहेर जात असताना त्याच अँटेनावरून -११६ डीबीएमचा सिग्नल ऐकायचा असतो. इथे हयगय चालत नाही.

पास-नॉच डुप्लेक्सरमधली प्रत्येक कॅव्हिटी (धातूचा ट्यून करता येणारा डबा) एक फ्रिक्वेन्सी जाऊ देते, तो पास, आणि दुसरी अडवते, तो नॉच. सहा कॅव्हिटींच्या अशा डुप्लेक्सरमध्ये सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे नॉचची अदलाबदल. ट्रान्समीटरकडच्या तीन कॅव्हिटींचा नॉच रिसीव्ह फ्रिक्वेन्सीवर बसवायचा आणि रिसीव्हरकडच्या तिघींचा ट्रान्समिट फ्रिक्वेन्सीवर. अनेकांना पहिला भाग अनावश्यक वाटतो. पण ट्रान्समीटर कॅरियरसोबत आजूबाजूला नॉइजही सोडतो. तो थेट तुमच्या रिसीव्ह फ्रिक्वेन्सीवर पडला, तर रिसीव्हरकडचा कुठलाही फिल्टर त्याला अडवू शकत नाही, कारण हव्या असलेल्या सिग्नलची वाटही तीच. त्याला उगमापाशीच रोखावं लागतं.

पॉवर मीटरचा काटा बघत ट्यूनिंग करू नका. पासचा माथा पसरट असतो, तिथे थोडं इकडेतिकडे झालं तरी काटा हलत नाही. आणि नॉच तर मीटरवर दिसतच नाही. शिवाय बिघडलेल्या कॅव्हिटीत पूर्ण पॉवर सोडली की परत आलेली पॉवर ट्रान्समीटरच्या फायनल स्टेजच्या (शेवटच्या अॅम्प्लिफायरच्या) मुळावर येते.

नॅनोव्हीएनए (फिल्टर कुठली फ्रिक्वेन्सी किती जाऊ देतो हे आलेखात दाखवणारं छोटं यंत्र) आता बऱ्याच जणांकडे आहे, पण तो १ ते ३०० मेगाहर्ट्झवर ठेवून नॉच शोधणं व्यर्थ. १०१ पॉइंट असतील तर दोन पॉइंटमध्ये सुमारे ३ मेगाहर्ट्झ जातात आणि नॉच मधेच हरवतो. स्पॅन (मोजणीचा पट्टा) १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ करा, म्हणजे २० किलोहर्ट्झची पायरी मिळते, आणि स्पॅन बदलल्यावर कॅलिब्रेशन पुन्हा करा. तिन्ही कॅव्हिटी जोडून एकत्र नॉच मोजायला गेलात तर या यंत्राची रेंजच संपते. म्हणून प्रत्येक कॅव्हिटी सुटी ट्यून करा. आधी पास, मग नॉच, मग पुन्हा पास, कारण एक हलवलं की दुसरं सरकतं. चेकनट आवळतानाही ट्रेसवर (पडद्यावरच्या रेषेवर) नजर ठेवा, ट्यूनिंगचा रॉड हमखास थोडा फिरतो. सगळं जोडल्यावर शेवटचा हात फिरवताना रिकाम्या पोर्टवर ५० ओहमचं टर्मिनेशन हवंच.

जोडणीला आरजी-५८ केबल वापरू नका. त्याच्या एकेरी जाळीतून गळती होते आणि कमावलेलं आयसोलेशन (ट्रान्समीटर आणि रिसीव्हरमधला अडसर) वाया जातं. आरजी-२१४ किंवा आरजी-४०० घ्या. कॅव्हिटींमधल्या केबलची लांबीही ठरवून दिलेली असते, ती कापू नका.

डुप्लेक्सरमध्ये दीड डीबी लॉस गृहीत धरा: ५० वॅटमधले सुमारे ३५ अँटेनाकडे पोचतात, उरलेल्यांची उष्णता होते. म्हणून अर्धा तास ट्रान्समिट करून कॅव्हिटी तापल्यावर पुन्हा मोजा.

शेवटी अँटेनाऐवजी डमी लोड (पॉवर शोषून घेणारा ५० ओहमचा रोध) लावून, रिसीव्हरला कमकुवत सिग्नल देऊन ट्रान्समीटर चालू-बंद करा. डमी लोडवर रिसीव्हर स्वच्छ आणि अँटेना लावताच बहिरा होत असेल, तर डुप्लेक्सर निर्दोष आहे. सह्याद्रीतल्या पावसाळ्यानंतर कनेक्टरमध्ये शिरलेलं पाणी, गंजलेला जोड किंवा टॉवरची सैल पडलेली तार ही नेहमीची कारणं. अशा वेळी कॅव्हिटीच्या रॉडला हात न लावता आधी फीडरचे (अँटेनाकडे जाणाऱ्या केबलचे) कनेक्टर उघडून बघा.