नेव्हीत होता आणि आता दम लागतोय? ॲस्बेस्टॉसचा आजार, पेन्शन आणि क्लेमचं काय करायचं

गोव्यातल्या वास्को, मुरगाव, चिखली भागात नेव्हीतून सुटलेली माणसं भरपूर, आणि आमच्या डिचोली, पेडणे, फोंड्याकडची पण पुष्कळ पोरं एके काळी सेलर म्हणून भरती झाली. त्यातले जे वाफेच्या जहाजांवर बॉयलर रूम, इंजिन रूममध्ये होते किंवा रिफिटच्या, म्हणजे जहाजाच्या मोठ्या दुरुस्तीच्या वेळी पाइपांची कामं करायचे, स्टोकर म्हणा, मेकॅनिक म्हणा, शिपराइट म्हणा, त्यांच्यासाठी आणि त्यापेक्षा जास्त त्यांच्या घरच्यांसाठी हे लिहितोय, कारण शेवटी फाइल घेऊन फिरणारी बायको नाहीतर मुलगीच असते.

त्या काळच्या जहाजांवर वाफेच्या पाइपांना उष्णता बाहेर जाऊ नये म्हणून जाड पांढरं लॅगिंग असायचं आणि त्यात ॲस्बेस्टॉस, म्हणजे उष्णता अडवणारं धाग्याधाग्यांचं खनिज, असायचं, जगभरातल्या नेव्ह्यांमध्ये तीच पद्धत होती. विक्रांतचंच बघा, गोवा मुक्तीच्या वेळी आपल्या किनाऱ्यासमोर होती तीच, बांधायला घेतलेली ब्रिटनने दुसऱ्या महायुद्धात, आपल्याकडे आली १९६१ ला आणि रिटायर झाली १९९७ ला, म्हणजे किती पोरांनी त्या बॉयलर रूममध्ये उमेदीची वर्षं काढली असतील. पाइप दुरुस्त करायचा तर आधी लॅगिंग फोडावं लागायचं, ते फोडलं की पिठासारखी धूळ उडायची, बंद जागा, वारा नाही, मास्क कोण देतंय, आणि तीच धूळ अंगावर घेऊन माणूस जेवायला बसायचा. फ्रान्सचं क्लेमेन्सो नावाचं विमानवाहू जहाज मोडायला गुजरातमधल्या अलंगला निघालं होतं ते २००६ मध्ये याच ॲस्बेस्टॉसवरून परत बोलवावं लागलं. जहाज मोडायला एवढा विरोध झाला, पण आयुष्यभर जे त्यात राहिले त्यांना कोणी काही सांगितलं नाही, याचा मला खरंच राग येतो.

आता आजाराचं. ॲस्बेस्टॉसचा धागा डोळ्याला न दिसण्याइतका बारीक असतो, फुप्फुसात गेला की बाहेर येत नाही आणि त्रास सुरू होतो तो साधारण २० ते ४० वर्षांनी, कधी त्याच्याही नंतर. म्हणून पन्नाशीपर्यंत ठणठणीत असलेला माणूस पासष्टीत जिना चढताना थांबायला लागतो. प्रकार मुख्य तीन: ॲस्बेस्टॉसिस म्हणजे फुप्फुसं कडक होत जाणं, फुप्फुसाचा कॅन्सर, आणि मेसोथेलिओमा म्हणजे फुप्फुसाच्या किंवा पोटाच्या आवरणाचा कॅन्सर. शिवाय आवरणावर चट्टे येतात, त्यांना प्लॅक म्हणतात, त्यांनी स्वतःहून फार त्रास होत नाही पण तो माणूस ॲस्बेस्टॉसमध्ये होता याचा तो चांगला पुरावा ठरतो.

आपल्याकडे सगळ्यात मोठी अडचण म्हणजे एक्स-रेवर डाग दिसला की टीबी. माझे एक मामा स्टोकर होते, त्यांच्या छातीत पाणी झालं तर एका दवाखान्यात टीबीच्या गोळ्या सुरू केल्या, कित्येक महिने त्यातच गेले, आणि ते काय काम करत होते हे कोणी विचारलंच नाही. तेव्हा नुसत्या एक्स-रेवर थांबू नका. एचआरसीटी म्हणजे फुप्फुसाचा बारकाईने काढलेला सीटी स्कॅन करून घ्या, पीएफटी म्हणजे श्वासाची तपासणी करताना डीएलसीओ (फुप्फुसातून रक्तात वायू किती जातो ते) पण सांगा, आणि छातीत पाणी असेल तर फक्त काढून मोकळे होऊ नका, बायोप्सीबद्दल विचारा, कारण मेसोथेलिओमा आहे की नाही हे बायोप्सीशिवाय नक्की ठरत नाही. ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं कार्ड असेल तर पॉलिक्लिनिकमधून रेफरल घेऊन जा, वास्कोला नेव्हीचं जीवंती हॉस्पिटल आहे, मोठं काही असेल तर मुंबईचं नेव्हीचंच अश्विनी, आणि कार्डच नसेल तर बांबोळीचं जीएमसी, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेज.

आता हे नीट वाचा. डॉक्टरसमोर बसलात की स्वतःहून सांगायचं, कुठल्या जहाजावर, कुठल्या साली, कुठल्या कंपार्टमेंटमध्ये आणि लॅगिंगला हात लावायचं काम होतं का, आणि हे केस पेपरवर लिहायला लावायचं. "नेव्हीत इतकी वर्षं बॉयलर रूममध्ये, ॲस्बेस्टॉसशी संपर्क" एवढी एक ओळ डॉक्टरच्या अक्षरात असली तर पुढे तिच्यावर सगळी केस उभी राहते, आणि ती नसेल तर क्लेम तपासणारा मेडिकल बोर्ड म्हणतो की म्हातारपण आहे, विडी आहे. विडीचं पण ऐकून ठेवा, मेसोथेलिओमा आणि ॲस्बेस्टॉसिस विडीने होत नाहीत. फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये विडी आणि ॲस्बेस्टॉस दोन्ही मिळून धोका अनेक पटींनी वाढवतात, त्यामुळे माणूस विडी ओढायचा म्हणून ॲस्बेस्टॉस सुटत नाही.

पैशाकडे येऊ. मोबाइलवर शोधलंत तर ट्रस्ट फंड, लाखो डॉलर असलं काय काय येतं, ते सगळं अमेरिकेतलं आहे, तिथे ॲस्बेस्टॉसच्या कंपन्या दिवाळखोरीत गेल्या तेव्हा असे फंड उभे राहिले. ब्रिटनमध्ये तर मेसोथेलिओमा झालेल्या माजी सैनिकाला २०१६ पासून एकरकमी १ लाख ४० हजार पौंड घ्यायचा पर्याय आहे. आपल्याकडे असं वेगळं काही नाही, त्यामुळे कोणी एजंट अमेरिकेतून पैसे आणून देतो म्हणाला तर एक रुपया पण देऊ नका.

आपला रस्ता डिसेबिलिटी पेन्शनचा. १९२३ चा भरपाईचा कायदा, जो आता सामाजिक सुरक्षा संहितेत घेतलाय, त्यात ॲस्बेस्टॉसिस कामामुळे होणारा आजार म्हणून धरलाय पण सैन्यदलातले लोक त्यातून वगळलेत. डॉकयार्डात नाहीतर शिपयार्डात सिव्हिलियन म्हणून होता तर तुमचा मार्ग वेगळा, तुम्ही आधी युनियनकडे आणि लेबर कमिशनरकडे जा, आणि पगारातून ईएसआय (कामगार विमा) कापला जात असेल तर क्लेम तिकडे.

सेलरसाठी दोन गोष्टी सिद्ध व्हायला हव्यात, आजार सेवेमुळे झाला किंवा सेवेमुळे वाढला, आणि अपंगत्व २० टक्के किंवा जास्त आहे. सुटताना तुम्ही फिट होता, आजार नंतर आला, तर नियमात पोस्ट डिस्चार्ज क्लेम असतो, म्हणजे आजाराची सुरुवात सेवेत झाली आणि तो उशिरा दिसला. याला वर्षांची मर्यादा घातलेली आहे आणि खरी अडचण तिथेच आहे, कारण हा आजार त्या मर्यादेत बसतच नाही. म्हणून अर्जात पहिल्याच पानावर लिहा की या आजाराला दिसायला दशकं लागतात हे वैद्यकशास्त्रात मान्य आहे आणि डॉक्टरचं तसं पत्र जोडा. सुप्रीम कोर्टाचे दोन निकाल पण टाका. १९९५ चा सीईआरसी (कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटर) विरुद्ध भारत सरकार, त्यात ॲस्बेस्टॉस कामगारांचं आरोग्याचं रेकॉर्ड नोकरी लागल्यापासून किमान ४० वर्षं किंवा नोकरी सुटल्यावर १५ वर्षं, जे नंतरचं असेल तोपर्यंत ठेवा म्हणून सांगितलंय, म्हणजे आजार उशिरा येतो हे कोर्टानेच धरलंय. दुसरा २०१३ चा धरमवीर सिंग, भरती होताना आजाराची नोंद नसेल तर माणूस तेव्हा निरोगी होता असं धरायचं आणि उलट सिद्ध करायची जबाबदारी सरकारची.

कागद कुठून मिळतात? सर्व्हिस रेकॉर्ड, जहाजांच्या पोस्टिंगची यादी, मेडिकल डॉक्युमेंट्स आणि सुटतानाचे मेडिकलचे कागद सेलर लोकांचे मुंबईला कॅब्जकडे, म्हणजे नेव्हीच्या सेलरांचं रेकॉर्ड ठेवणाऱ्या ऑफिसकडे असतात. साध्या अर्जाने नाही मिळाले तर आरटीआय टाका, १० रुपये फी, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. त्याच वेळी जुने सोबती शोधा, एकाच बॉयलर रूममध्ये असलेल्या दोघांचं ॲफिडेव्हिट असेल की "आम्ही एकत्र लॅगिंग फोडायचो, मास्क नव्हते", तर त्याला फार वजन असतं, आणि ती माणसं पण आता सत्तरीच्या पुढची आहेत म्हणून हे पुढच्या महिन्यावर टाकू नका.

अर्ज कॅब्जलाच जातो, मग मेडिकल बोर्ड बसतो. रिजेक्ट झाला तर सहा महिन्यांत फर्स्ट अपील, तिथेही नाही झालं तर सेकंड अपील, आणि नंतर आर्म्ड फोर्सेस ट्रायब्युनल, गोव्यासाठी मुंबईचं बेंच. रिजेक्शनचं पत्र पाकिटासकट ठेवा, तारीख त्यावरून मोजतात. उशीर झालाय म्हणून सोडून देऊ नका, २००८ च्या तरसेम सिंग निकालाप्रमाणे पेन्शनचा अन्याय दर महिन्याला चालू राहतो असं धरतात, फक्त मागची थकबाकी साधारण तीन वर्षांचीच मिळते.

रक्कम किती? १०० टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या ३० टक्के आणि त्याच प्रमाणात खाली, ही तुमच्या नेहमीच्या पेन्शनवर जास्तीची. ५० च्या खाली ठरलं तर ५० धरायचं असा राउंडिंगचा नियम १९९६ पासून आहे, आणि पूर्ण नोकरी करून सुटलेल्यांनाही तो लागू आहे असं २०१४ च्या राम अवतार निकालात आलंय, तेव्हा ही मागणी अर्जातच लिहून ठेवा.

वकिलाचा खर्च झेपत नसेल तर पणजीच्या सैनिक कल्याण खात्यात जाऊन विचारा, नाल्साने, म्हणजे राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने, २०२५ मध्ये सैनिक आणि त्यांच्या कुटुंबांसाठी वीर परिवार सहायता योजना काढलीय, त्यात मोफत कायदेशीर मदत आहे.

आणि घरच्या बायकांनी पण दाखवून घ्या, धुळीचे कपडे हाताने धुवून सुद्धा हा आजार झालेल्या बायका जगभर आहेत.

माणूस गेलाच तर, आणि हे लिहिताना वाईट वाटतं पण लिहायला हवं, मृत्यूच्या कारणाच्या फॉर्मवर डॉक्टर पटकन "हार्ट बंद पडलं" लिहून मोकळे होतात. तिथे त्याच वेळी बोला, मूळ आजाराचं नाव, मेसोथेलिओमा किंवा ॲस्बेस्टॉसिस, आलंच पाहिजे, कॉपी मागून घ्या. मृत्यू सेवेमुळे झाला असं मान्य झालं तर बायकोला स्पेशल फॅमिली पेन्शन मिळते, शेवटच्या पगाराच्या ६० टक्के, साध्या फॅमिली पेन्शनच्या दुप्पट. बायोप्सीच्या स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक लॅबमध्ये पडून असतात, ते लेखी अर्ज देऊन ताब्यात घ्या, काही वर्षांनी लॅब ते फेकून देते आणि ट्रायब्युनलमध्ये दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यायची वेळ आली तर तेवढाच पुरावा उरलेला असतो.