तीस जणांसाठी चॉकलेट-बिस्किट पुडिंग: कापल्यावर थर उभे राहायला हवेत

खाली मेरी बिस्किटं, त्यावर शिजवलेलं चॉकलेट, पुन्हा बिस्किटं, पुन्हा चॉकलेट आणि सगळ्यात वर क्रीम. हळदीकुंकू असो, सोसायटीचा गणपती असो की ३१ डिसेंबर, घरच्या गॅसवर तीस जणांना पुरेल असं गोड करायचं तर याच्याइतकं सोयीचं दुसरं नाही. ओव्हन नको, अंडं नको, आणि सगळं आदल्या रात्रीच करून मोकळं होता येतं. तरीही पुष्कळ घरी ते डिशमध्ये वडीसारखं उतरायच्या ऐवजी खिरीसारखं पसरतं. दोष बिस्किटांचा नसतो आणि क्रीमचाही नसतो. चॉकलेटचा थर नीट शिजलेला नसतो. बाकीची कामं घरातल्या मुलांवर सोपवली तरी चालतील, पण ते एक पातेलं स्वतः सांभाळायचं.

माप ९ × १३ इंचाच्या, दोन इंच खोल अशा दोन ट्रेंचं आहे. एका ट्रेचे १५ तुकडे होतात. ट्रे आणण्याआधी फ्रीजचा कप्पा मोजा. दोन ट्रे एकावर एक ठेवता येत नाहीत, हे रात्री अकरा वाजता लक्षात येऊन उपयोग नाही.

चॉकलेटच्या थरासाठी: फुल क्रीम दूध २ लिटर, कॉर्नफ्लोअर १२० ग्रॅम, बिनसाखरेची कोको पावडर ८० ग्रॅम, साखर २५० ग्रॅम, डार्क चॉकलेट ३०० ग्रॅम, लोणी ६० ग्रॅम, मीठ पाव चमचा (अमूलसारखं खारं बटर असेल तर मीठ नको).

बाकीचं: मेरी बिस्किटं ५०० ग्रॅम, बिस्किटं बुडवायला एक कप गार दूध आणि त्यात दोन छोटे चमचे इन्स्टंट कॉफी (लहान मुलं जास्त असतील तर नुसतं दूध), फेटायचं क्रीम ७०० ग्रॅम, वर भुरभुरायला थोडी कोको.

कॉर्नफ्लोअर काट्यावर मोजा. 'आठ-दहा चमचे' असं माप सांगणाऱ्या कृतीवर विश्वास ठेवू नका. सपाट मोठ्या चमच्यात साधारण ८ ग्रॅम मावतं आणि शिगोशिग चमच्यात त्याच्या जवळजवळ दुप्पट. दहा चमच्यांत एवढा फरक पडला तर एकीकडे पातळ खीर होते आणि दुसरीकडे रबर. काटा नसेल तर २४० मिलीचा सपाट भरलेला एक कप म्हणजे १२० ग्रॅमच्या आसपास. कॉर्नफ्लोअर म्हणजे पांढरं, बोटांत करकरणारं स्टार्च. मक्याचं पिवळं पीठ नव्हे. अमेरिकेत राहत असाल तर तिकडे याचं नाव कॉर्नस्टार्च. तिथे कॉर्नफ्लोअर मागितलंत तर पीठच मिळेल. कस्टर्ड पावडर वापरायची गरज नाही, कारण ती म्हणजे रंग आणि व्हॅनिलाचा वास घातलेलं कॉर्नफ्लोअरच. ड्रिंकिंग चॉकलेट तर अजिबात नको, त्यात कोकोपेक्षा साखरच जास्त असते.

चॉकलेट घेताना पाकिटामागची घटकांची यादी वाचा. कोको बटर लिहिलेलं असेल तर ते खरं चॉकलेट. त्याच्या जागी वनस्पती तेल असेल तर कंपाउंड. कंपाउंड स्वस्त पडतं आणि वितळवायला सोपं असतं, पण फ्रीजमधून काढलेल्या गार पुडिंगमध्ये टाळूला मेणासारखं चिकटतं. इथे थर धरून ठेवण्याचं काम कॉर्नफ्लोअर करतं, त्यामुळे कंपाउंडच्या घट्टपणाचा काही फायदा नाही. ५० ते ५५ टक्के कोकोचं डार्क चॉकलेट घ्या. बजेट आखडतं असेल तर निम्मं कंपाउंड चालेल, पण साखर ५० ग्रॅमने कमी करा.

आता ते पातेलं.

कोको, कॉर्नफ्लोअर आणि साखर एकत्र चाळून घ्या. तिन्ही कोरडी असतानाच एकजीव व्हायला हवीत. कोको गार दुधात सरळ टाकली तर भिजत नाही, वर तरंगते आणि तिच्या गोळ्या होतात. साखरेचे दाणे मध्ये आले की ती सुटी राहते. दोन लिटरपैकी ३०० मिली दूध गार ठेवा आणि या मिश्रणात थोडं थोडं घालत पेस्ट करा. आधी इडलीच्या पिठाइतकी घट्ट पेस्ट गुळगुळीत होऊ द्या, मग उरलेलं घालून सैल करा. सगळं दूध एकदम ओतलंत तर गुठळ्या मोडता मोडत नाहीत.

उरलेलं दूध जाड बुडाच्या, रुंद पातेल्यात तापवा. कडेला बारीक बुडबुडे दिसले की दोन डाव गरम दूध पेस्टमध्ये घालून ढवळा, मग ती पेस्ट बारीक धारेने पातेल्यात ओता. ओतताना दुसरा हात थांबता कामा नये. पेस्ट वाटीत तशीच पडून राहिली असेल तर ओतण्याआधी तळापासून पुन्हा ढवळा. स्टार्च दोन मिनिटांतही खाली बसतं, आणि वरचं पातळ पातेल्यात जाऊन खरा माल वाटीतच राहतो.

इथून पुढे मध्यम आच आणि सपाट टोकाचं लाकडी उलथनं. गोल चमच्याने पातेल्याचा तळ खरवडला जात नाही, आणि लागतं ते तळाशी आणि कडेच्या कोपऱ्यात. पहिली पाच-सहा मिनिटं काहीच होत नाही असं वाटेल. मग एकाएकी उलथनं जड लागतं आणि मिश्रण आळू लागतं. बहुतेकजण इथेच गॅस बंद करतात, आणि पुडिंग बिघडतं ते इथेच.

आळलं म्हणजे शिजलं असं नाही. स्टार्चचे कण ६५-७० अंशांच्या पुढे पाणी पिऊन फुगायला लागतात आणि दाटपणा दिसतो. पण ते पूर्ण फुगून गार झाल्यावर घट्ट धरावेत यासाठी मिश्रण ९५ अंशांच्या आसपास जावं लागतं. त्यातून साखर स्वतःकडे पाणी ओढते, त्यामुळे या मिश्रणाला नुसत्या दुधापेक्षा वेळ जास्त लागतो. थर्मामीटर नसला तरी हरकत नाही, पिठलं शिजताना बघितलंय ना? तेच बघायचं. मधोमध मोठे, आळशी बुडबुडे येऊन फद्‌ फद्‌ फुटायला लागले, मिश्रण पिठल्यासारखं रटरटायला लागलं, की तिथून घड्याळ लावा. आच किंचित कमी करून पूर्ण दोन मिनिटं ढवळत शिजवा. हातावर उडतं, म्हणून लांब दांड्याचं उलथनं घ्या. ही दोन मिनिटं वाचवलीत तर रात्री ट्रे छान घट्ट दिसेल, पण सकाळी कडेला पाणी सुटलेलं असेल आणि जिभेवर कच्च्या पिठाची चव येईल.

दोन मिनिटांचं पुढे दहा मिनिटंही करू नका. फार वेळ उकळत जोरजोरात घोटलं तर फुगलेले कण फुटतात आणि दाट झालेलं पुन्हा सैल होतं. गुठळ्या दिसल्या म्हणून हँड ब्लेंडर किंवा मिक्सर लावला तरी हेच होतं. गुठळ्यांवर उपाय एकच: गरम असतानाच मोठ्या गाळणीतून डावाने दाबत गाळून घ्या.

अजून एक गोष्ट फार थोडेजण सांगतात. चव बघितलेला चमचा परत पातेल्यात घालू नका. हा फक्त उष्ट्याचा प्रश्न नाही. लाळेतलं अमायलेज स्टार्च तोडतं, आणि कोमट झालेल्या पुडिंगमध्ये तसा चमचा फिरला तर काही तासांत ते पाणचट होऊ शकतं. चव बघायला दरवेळी वेगळा चमचा घ्या. घरात येता-जाता बोट बुडवणारे असतील तर पातेल्यावर झाकण ठेवा.

गॅस बंद करून लोणी, मीठ आणि बारीक चिरलेलं चॉकलेट घाला. एक मिनिट हात लावू नका, मग सावकाश ढवळा. चॉकलेट आधी घालून उकळलं तर ते तळाला लागतं आणि करपल्याचा कडवटपणा काही केल्या जात नाही. ढवळताना तळाशी काही लागल्यासारखं वाटलं तर ते खरवडू नका. वरचं दुसऱ्या पातेल्यात ओतून घ्या.

ताटली चाचणी प्रत्येक वेळी करा. स्टीलची छोटी ताटली आधीच फ्रीजरमध्ये ठेवलेली असू द्या. तिच्यावर चमचाभर पुडिंग टाकून दोन मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा आणि ताटली तिरकी करा. ओघळ आला तर पातळ आहे. जागचं न हलता नुसतं थरथरलं तर बरोबर. पातेल्यातलं गरम पुडिंग बघून अंदाज करू नका, ते नेहमीच पातळ दिसतं. घाबरून आणखी कॉर्नफ्लोअर घालणाऱ्यांच्या ट्रेमध्ये दुसऱ्या दिवशी रबराची वडी निघते. चाचणीत खरंच पातळ निघालं तर २० ग्रॅम कॉर्नफ्लोअर पाव कप गार दुधात कालवून घाला आणि अगदी मंद आचेवर पुन्हा रटरटेपर्यंत शिजवा. आता आत चॉकलेट आहे, म्हणून तळाकडे दुप्पट लक्ष. नुसतं कालवून सोडून दिलं तर काहीच आळणार नाही.

पुडिंग कोमट होईपर्यंत, म्हणजे बोट बुडवून आरामात ठेवता येईल इतपत (बोट बुडवायचं असेल तर पुडिंग वाटीत काढून), निवू द्या. प्लास्टिकची फिल्म थेट पुडिंगच्या पृष्ठभागाला टेकवून लावा. पातेल्याच्या तोंडाला लावली तर आत साय धरते, आणि ती साय थरात चामड्यासारखी लागते. पातेलं गार पाण्याच्या परातीत ठेवलं तर काम लवकर होतं. पूर्ण गार मात्र होऊ देऊ नका. पातेल्यात घट्ट झालेलं पुडिंग नंतर फेटून पसरवलं की त्याची पकड मोडते आणि ती परत येत नाही. त्याने जमायचं ते ट्रेमध्येच.

मधलं थांबणं सोडलं तर थर लावणं पंधरा मिनिटांचं काम आहे. खालची बिस्किटं गार कॉफी-दुधात बुडवून लगेच काढा, एक सेकंद पुरे. दूध गरम असेल तर मेरी हातातच तुटते. गोल बिस्किटांमधल्या फटी तुकड्यांनी भरा. पुडिंगचा पाव भाग त्यावर पसरा, दहा-पंधरा मिनिटं थांबा. नाही थांबलात तर वरची बिस्किटं तरंगून तिरकी होतात. दुसरा थर कोऱ्या बिस्किटांचा. त्यांना बुडवायचं नाही. ती दोन्ही बाजूंनी पुडिंगमध्ये असतात, रात्रभरात तेवढ्या ओलीवर मऊ होतात आणि सुटू पाहणारं पाणीही पिऊन घेतात. त्यावर पुन्हा पाव भाग पुडिंग. दुसऱ्या ट्रेलाही असंच. पार्ले-जी घेणार असाल तर खालचा थरही बुडवू नका, ते मेरीपेक्षा फार लवकर विरघळतं.

क्रीम मधल्या थरात का नाही, असं विचारलं जातं. कोमट चॉकलेट क्रीमवर पडलं की क्रीम वितळतं, आणि चॉकलेट गार करून पसरायला गेलं तर पकड मोडते. फोटोत पांढरा पट्टा सुंदर दिसतो हे खरं, पण तीस तुकडे कापायचे असतील तर क्रीम एकदाच, सगळ्यात वर.

ट्रे पंख्याखाली निववा, मग फिल्म टेकवून निदान तीन तास फ्रीजमध्ये. घाईसाठी फ्रीजर वापरू नका. गोठून सुटलेल्या स्टार्चमधून पाणी बाहेर पडतं आणि पुडिंग स्पंजासारखं होतं.

क्रीमबद्दल थोडंच. दुकानात सहज मिळणारं साधं फ्रेश क्रीम साधारण २५ टक्के स्निग्धांशाचं असतं; ते कितीही फेटलं तरी भरवशाने उभं राहत नाही. ३० टक्क्यांच्या वरचं हवं. दुधाच्या क्रीमला चव असते, पण आपल्याकडच्या उकाड्यात ते लवकर बसतं. वनस्पतीजन्य व्हिपिंग क्रीम तासभर तग धरतं, पण तोंडात तेलकट लागतं आणि आधीच गोड असतं. म्हणून ४०० ग्रॅम वनस्पतीजन्य आणि ३०० ग्रॅम दुधाचं, दोन्ही कडक गार, गार भांड्यात एकत्र फेटा. वेगळी साखर नको. परदेशात ३५-३६ टक्क्यांचं क्रीम मिळतं, तिथे नुसतं तेच वापरा आणि थोडी पिठीसाखर घाला. बीटर उचलल्यावर शेंडा किंचित वाकला की थांबा. रवाळ झालं तर दोन चमचे न फेटलेलं क्रीम घालून हलक्या हाताने मिसळा. पसरा, आणि पुन्हा रात्रभर फ्रीजमध्ये. कोको अगदी वाढण्याच्या वेळी भुरभुरा, रात्री घातली तर ती ओलावून काळे डाग पडतात.

साठ माणसं असतील तर चार लिटर एका पातेल्यात करायला जाऊ नका. तेवढं मिश्रण घरच्या गॅसवर तळाशी लागेपर्यंत वर शिजत नाही. दोन लिटर दोनदा करा.

कापताना सुरी गरम पाण्यात बुडवून, पुसून, एका ट्रेला ३ × ५ चे तुकडे. प्रत्येक कापानंतर सुरी पुन्हा पुसा. पहिला कोपऱ्यातला तुकडा मोडणारच, तो घरच्यांसाठी ठेवा. त्याची जागा झाली की बाकीचे सपाट उलथन्याने सरळ उचलले जातात. ट्रे दुसरीकडे न्यायचा असेल तर गाडीच्या सीटवर ठेवू नका, ती मागे उतरती असते आणि क्रीम एका कडेला सरकतं. डिकीच्या सपाट तळावर, खाली ओलं फडकं घालून ठेवा. उन्हाळ्यात एका वेळी एकच ट्रे बाहेर काढा, दुसरा पहिला संपत आल्यावर. तासाभरापेक्षा जास्त वेळ बाहेर राहिलेलं पुन्हा फ्रीजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी वाढू नका. फ्रीजमध्येच राहिलेलं दोन दिवस छान लागतं, तिसऱ्या दिवशी बिस्किटांचा लगदा होतो.