गाडी पर्वरीत तापते की चोर्ल्यात? जुन्या गाडीच्या कूलिंगच्या कामात या चुका टाळा

माझी 2002 ची पेट्रोल गाडी आहे, घरातली माणसासारखी. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात गोव्यातून बेळगावला निघालो होतो, केरी मागे टाकली, चोर्ला घाटाचा चढ लागला आणि तापमानाचा काटा सरळ लाल रेषेला जाऊन टेकला. त्याआधी तीन-चार महिने मी दर आठवड्याला रेडिएटरच्या बाटलीत अर्धा लिटर पाणी घालत होतो आणि जुनी गाडी आहे, पाणी पिणारच, असं धरून चाललो होतो. तसं नसतं. कूलिंग बंदिस्त सर्किट असतं, दर आठवड्याला पाणी लागतंय म्हणजे कुठूनतरी ते जातंय, ते शोधलंच पाहिजे.

शोधायच्या आधी एकच प्रश्न स्वतःला विचारा, गाडी नेमकी कुठे तापते? पर्वरीच्या ट्रॅफिकमध्ये उभी असताना काटा चढतो आणि रस्ता मोकळा झाला की खाली येतो, तर आधी फॅन बघा. फ्यूज, रिले, फॅनचा स्विच (पाणी तापलं की फॅन लावणारा), मोटर, या क्रमाने. बऱ्याच गाड्यांत एसी लावला की फॅन फिरतो, तेव्हा एसी लावल्यावर फिरतो पण इंजिन तापल्यावर आपोआप फिरत नाही, तर मोटर ठीक आहे, संशय स्विचवर किंवा वायरिंगवर घ्या. उलट ट्रॅफिकमध्ये ठीक पण घाटात किंवा हायवेला तापते, तर पाणी नीट फिरत नाहीये किंवा रेडिएटर चोक आहे. ह्या एका फरकाने अर्धं निदान घरीच होतं, आणि हे न सांगता गाडी गॅरेजला सोडली की एकेक पार्ट बदलत खर्च वाढत जातो, मी ते भोगलंय.

माझ्या बाबतीत एका मेकॅनिकने थर्मोस्टॅटच, म्हणजे पाणी तापल्यावर ते रेडिएटरकडे सोडणारा वॉल्व्हच, काढून टाकला, म्हणाला गोव्यात थंडी कुठे आहे, याची गरजच नाही. कृपा करून हे करू देऊ नका. थर्मोस्टॅटमुळे इंजिन लवकर आणि योग्य तापमानाला येतं. तो नसला की इंजिन बराच वेळ थंड राहतं, पेट्रोल जास्त जळतं, झीज वाढते, आणि काही इंजिनांत तर पाण्याचा एक भाग रेडिएटरला न जाता आतल्या आत फिरतो, म्हणजे घाटात उलट तापते. शंका असेल तर थर्मोस्टॅट दोऱ्याला बांधून पातेल्यातल्या पाण्यात सोडा आणि पाणी तापवा. त्याच्यावर 82 किंवा 88 असा आकडा कोरलेला असतो, त्याच्या आसपास उघडायला लागला पाहिजे. नाही उघडला तर नवीन घाला, महाग पार्ट नाही.

रेडिएटरचं झाकण लोक बघतच नाहीत. त्याच्यावर 0.9 किंवा 1.1 लिहिलेलं असतं, ते प्रेशर आहे, आणि त्या प्रेशरमुळेच पाणी 100 डिग्रीला उकळत नाही, बरंच वर जातं. रबर कडक झालं की प्रेशर टिकत नाही, पाणी लवकर उकळून बाहेर येतं. इंजिन थंड झाल्यावर वरचा होज पाईप चपटा झालेला दिसला तर झाकणाचा आतला छोटा वॉल्व्ह अडकलाय. त्याच आकड्याचं नवीन झाकण घ्या. आणि गरम असताना ते कधीच उघडू नका, हात-तोंड भाजतं.

आता पाणी. आपल्याकडे बांयचं, म्हणजे विहिरीचं, पाणी सर्रास घालतात. किनाऱ्याजवळ उन्हाळ्यात ते मचूळ होतं, त्यातलं मीठ अॅल्युमिनियमचं हेड (इंजिनाचा वरचा भाग) आतून खातं. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर अर्धं-अर्धं घाला, तयार मिळतं ते घेतलं तर त्यात पाणी मिसळू नका. हिरवं, लाल एकत्र करू नका, नुसत्या रंगावर विश्वास नको, डब्यावरचा प्रकार वाचा. लीक थांबवायला हळद घालायचा उपाय लोक अजून करतात, तो करू नका, तिने रेडिएटरच्या बारीक नळ्या बुजतात. बाहेरून पण बघा, खारी हवा आणि लाल धूळ यांनी जाळी बुजते, पत्रे हाताला लागून गळतात. धुताना पाणी आतून बाहेर, हलक्या प्रेशरने मारा.

घाटात काटा चढलाच तर एसी बंद, हीटर फुल, बाजूला घेऊन इंजिन बंद करा आणि अर्धा-पाऊण तास थांबा. तापलेल्या इंजिनावर थंड पाणी ओतलं तर हेडला तडा जाऊ शकतो. नंतर ऑइलच्या झाकणाखाली दुधी साय दिसली, सायलेन्सरमधून पांढरा धूर थांबतच नसला किंवा रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येत असले तर हेडचं पॅकिंग गेलेलं असण्याची शक्यता मोठी, गाडी चालवत नेऊ नका, टो करा.

काम झाल्यावर आत अडकलेली एअर काढायला विसरतात. इंजिन थंड असतानाच झाकण काढून, तसंच उघडं ठेवून, हीटर गरमवर ठेवून, फॅन एकदोनदा लागेपर्यंत इंजिन आयडलवर चालू द्या, पातळी खाली जाईल तसं भरत राहा. काढलेलं जुनं कूलंट अंगणात किंवा गटारात ओतू नका, चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात. डब्यात भरून झाकण लावून ठेवा आणि गॅरेजला द्या.