ओजेटीला कुठे जाल, काय कराल

मी समाजशास्त्र शिकवते आणि एम.ए.च्या मुलांना ओजेटीसाठी, म्हणजे ‘ऑन जॉब ट्रेनिंग’साठी (प्रत्यक्ष कामाच्या जागी शिकण्यासाठी) पाठवण्याचं काम माझ्याकडे असतं. चार क्रेडिट म्हणजे 120 तास. वृद्धाश्रमात फळं वाटून, फोटो काढून ते घालवू नका, हे अगदी कळकळीनं सांगते.

म्हातारपण, कुटुंब आणि न्यायव्यवस्था एकाच जागी बघायची असेल तर गरजूंना मोफत कायदेशीर मदत देणारं जिल्हा विधी सेवा प्राधिकरण गाठा. विभागप्रमुखांचं पत्र, बायोडेटा आणि कोणत्या वारी किती वाजता येऊ शकता, एवढं सेमिस्टर सुरू व्हायच्या आधीच सचिवांकडे द्या. थेट तुरुंगाचा हट्ट नको, परवानगीतच वेळ जातो. मुंबईत असाल तर टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या ‘प्रयास’मध्ये विचारा, 1990 पासून ते कैद्यांसोबत काम करताहेत.

जाण्याआधी 2007चा ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायदा वाचाच. एक आजी प्लॅस्टिकच्या पिशवीत रेशनकार्ड, पासबुक, सातबारा घेऊन आल्या होत्या. माझी विद्यार्थिनी कागदांना हात न लावता आधी पाणी देऊन शेजारी बसली. आजींनी पहिलं विचारलं, “पोराला पोलीस नेतील का गं?” निर्वाहाचा अर्ज प्रांतांच्या न्यायाधिकरणापुढे जातो, तिथे आधी समेटाचा प्रयत्न होऊ शकतो, हे तिनं वाचलेलं होतं. ऐकून आजी मोकळ्या झाल्या. मग तिनं विचारलं, शेत बक्षीसपत्रानं दिलंय का, सांभाळायची अट त्यात आहे का? त्याच कायद्याच्या कलम 23 मुळे हा प्रश्न फार मोलाचा: अशी अट असून मुलगा सांभाळत नसेल, तर बक्षीसपत्र रद्द होऊ शकतं. उत्तर लिहून तिनं ते वकिलांकडे दिलं. सल्ला देणं वकिलांचं काम, तुमचं नाही.

कच्च्या कैद्याचे, म्हणजे खटला अजून संपलेला नसताना तुरुंगात असलेल्याचे, नातेवाईक आले तर अटकेची तारीख, लागलेली कलमं आणि आधीची शिक्षा आहे का, हे नीट टिपा. पहिल्याच गुन्ह्यातल्या कैद्यानं कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम 479 खाली सुटकेचा मार्ग असतो. फाशी-जन्मठेपेच्या गुन्ह्यांना आणि एकाहून जास्त खटले चालू असणाऱ्यांना तो नाही.

डायरी त्याच संध्याकाळी लिहा, खरी नावं कुठेच नकोत. अल्पवयीन मुलांची ओळख उघड करणं तर गुन्हाच आहे. व्हॉट्सॲपवरही नाही.

शेवटच्या आठवड्यात, तुमच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला पुढे कोणाला भेटायचं ते नाव आणि खोली क्रमांकासकट मोठ्या अक्षरांत लिहून द्या.