वीज चमकली की सेकंद मोजा

हल्ली वादळ कधी अंगावर येईल सांगता येत नाही. हवा 1 अंश सेल्सिअसने तापली की तिच्यात साधारण 7 टक्के जास्त बाष्प मावतं, म्हणून पाऊस कोसळतो तोही धो धो. हवामानाचा अंदाज जरूर बघा, पण बाहेर असाल तेव्हा डोळे-कान उघडे ठेवा.

वीज चमकताच मोजायला लागा. आवाजाला 1 किलोमीटर कापायला सुमारे 3 सेकंद लागतात. 30 सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला, तर वीज जेमतेम 10 किलोमीटरवर आहे. हातातलं काम टाका आणि पक्क्या घरात शिरा. अजून थेंबही पडला नाही म्हणून रेंगाळू नका, वीज पावसाच्या बरीच पुढे येऊनही पडते. घर जवळ नसेल तर पत्र्याच्या टपाची, काचा बंद केलेली गाडी चालेल. झाडाखाली मात्र अजिबात नको. चहूबाजूंनी उघड्या शेडमध्येही नको.

घरात नळाला आणि वायर जोडलेल्या उपकरणांना हात लावू नका, आंघोळही नंतर. चार्जिंगला न लावलेला मोबाइल खुशाल वापरा.

लोकांची खरी घाई होते ती बाहेर पडायची. शेवटच्या गडगडाटानंतर पूर्ण 30 मिनिटं थांबा. मध्येच पुन्हा गडगडलं, तर पहिल्यापासून मोजा.

आणि कोणावर वीज पडलीच, तर त्याला हात लावायला कृपा करून घाबरू नका. अंगात करंट राहत नाही. श्वास थांबला असेल तर रुग्णवाहिका बोलवा आणि लगेच छातीवर दाब द्यायला सुरुवात करा.