लायसेन्सर कोण, मॉर्गेजी कोण? इंग्रजी दस्तातली माणसं कशी ओळखावीत

सोप्या जोड्या आधी उरकून घ्या. कुक म्हणजे स्वयंपाकी, कुकर म्हणजे भांडं. इमिग्रंट देशात आलेला, एमिग्रंट देश सोडून गेलेला. काउन्सिलरच्या स्पेलिंगमध्ये मधे 'सी' असेल तर नगरसेवक, 'एस' असेल तर समुपदेशक.

मग शब्दाचं शेपूट बघा. 'अर' किंवा 'ऑर' असेल तर तो करणारा. 'ई' असेल तर ज्याच्या बाबतीत ते केलं जातं तो. एम्प्लॉयर कामावर ठेवतो, एम्प्लॉयीला ठेवलं जातं.

गाडी अडते ती मालमत्तेच्या कागदांवर. "ई म्हणजे घेणारा, एवढं पाठ करा," असं क्लासवाल्यापासून एजंटापर्यंत सगळे सांगतात. काय घेणारा, ते कुणीच सांगत नाही. घराच्या विम्याच्या फॉर्मवर मॉर्गेजीचा रकाना होता. कर्ज आम्ही घेतलेलं, म्हणून मी बेधडक नवऱ्याचं नाव लिहिलं. फॉर्म परत आला. तिथे बँकेचं नाव हवं होतं. कर्ज आम्ही घेतलं होतं, पण घर गहाण आम्ही दिलं होतं आणि ते गहाण बँकेने घेतलं होतं. म्हणून आम्ही मॉर्गेजर, बँक मॉर्गेजी. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 58 मध्ये हेच आहे.

तेव्हापासून मी पैशाकडे बघतच नाही. आपल्या मराठी दस्तात 'लिहून देणार' आणि 'लिहून घेणार' असतात ना, तेच विचारायचं: या कागदाने हक्क किंवा परवानगी कोण देतंय? देणारा 'ऑर', घेणारा 'ई'. लीव्ह अँड लायसेन्सच्या करारात घरमालक लायसेन्सर, राहायला येणारा लायसेन्सी. पैसे मालकाला मिळतात म्हणून त्याला 'ई' लावू नका.

या लायसेन्सीला बोलताना खुशाल भाडेकरू म्हणा, पण करारात टेनंट अजिबात लिहू नका. टेनंटचा जागेत हक्क तयार होतो, लायसेन्सीला फक्त वापरायची परवानगी असते. भांडण कोर्टात गेलं की हा फरक फार महागात पडतो. करार तयार करून देणाराही कधीकधी दोन्ही शब्द सरमिसळ वापरतो. तसा मसुदा आला तर सही न करता दुरुस्तीला परत पाठवा.

चेकवर तर तिघं असतात. सही करणारे तुम्ही ड्रॉवर, ज्याच्या नावाने चेक तो पेयी, आणि तुमची बँक ड्रॉई. ड्रॉईला काही मिळत नाही, उलट पैसे तिनेच द्यायचे असतात.

अटेंडी, रिटायरी, ॲब्सेंटी हे अपवाद: शेवटी 'ई', तरी स्वतःच करणारे. ते तसेच लक्षात ठेवा.

फॉर्म भरायला घेतलात की प्रत्येक रकान्याशेजारी आधी पेन्सिलने 'देणार' किंवा 'घेणार' लिहा. दोन्ही बाजूंचं लिहून झाल्याशिवाय पेन उचलू नका.